शिक्र्याचा फोटो आणि अर्धलीची कोंबडी

शिक्र्याचा फोटो काढायचा तर आधी त्याच्या डोळ्यात ऊन उतरलं पाहिजे. पाखरू जवळ आलं, नीट बसलं, मान वळवून आपल्याकडं बघितलं, सगळं जमून आलं आणि डोळा तेवढा काळा राहिला, तर तो फोटो पेंढा भरून ठेवलेल्या पाखरासारखा दिसतो. हे मला परभणीच्या उस्तादांनी सांगितलं होतं. त्यांनी स्वतः उभ्या जन्मात पाखराचा फोटो काढला नव्हता. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. छपराला उत्तरेच्या अंगानं काच बसवलेली. तेवढ्या उजेडावर त्यांनी निजामाच्या तालुकदारांपासून पुढं खादीची टोपी घातलेल्या पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे चेहरे काढले. "आँख में धूप का दाना होना मियाँ," ते म्हणायचे. "दाना नहीं तो जान नहीं."

मी आमच्या गावातला पहिला बी.ए. हे मी सांगतो तेव्हा आताची पोरं हसतात, पण मला त्यात संकोच वाटत नाही. वडील अंगठा उठवायचे. घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी उर्दूतून मॅट्रिक केलं, हैदराबादेत एका नातेवाइकाच्या पडवीत राहून कॉलेज केलं, आणि संस्थान विलीन झाल्यावर मानवतला एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. उस्तादांना कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कंपन्यांना इंग्रजीतून पत्रं लिहावी लागत, ती मी लिहून द्यायचो. त्याच्या बदल्यात त्यांनी त्यांचा जुना, घडी होणारा भात्याचा कॅमेरा मला वापरायला दिला होता. मराठवाडा अजून हैदराबादेतच होता, मुंबईला जोडला जाण्याची नुसती बोलणी चालली होती, त्या वेळची ही गोष्ट.

आमचं गाव पेडगावच्या पलीकडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेनं पेडगावला उतरायचं आणि पुढं पायी जायचं. त्या सुट्टीत मी शिक्र्याचा फोटो काढायचा हे ठरवूनच पोचलो, तर आत्यानं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधीच बातमी दिली.

"तुज्या त्या पाखरानं हिरीवरल्या लिंबावर घरटं केलंय."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा वारला आणि ती माहेरी आली, ती कायमची. भावाच्या घरी राहायची, पण कुणाच्या उपकारात राहायची नाही. तिचा स्वतःचा कारभार होता, आणि तो कोंबड्यांचा.

आमच्याकडं जनावर अर्धलीनं द्यायची रीत आहे. गाय, शेळी, कोंबडी, काहीही. जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, आणि जी पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. गावातल्या निम्म्या बायांच्या खुडूक कोंबड्या आत्याकडं बसायला असत, कारण आत्याची अंडी वाया जात नाहीत आणि आत्या हिशोबात खोट करत नाही अशी तिची ख्याती होती. वडिलांच्या शब्दाला गावात जेवढी किंमत होती त्यापेक्षा आत्याच्या शब्दाला कांकणभर जास्तच असेल. हे वडीलही कबूल करायचे, फक्त तिच्यासमोर नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्याकडं भिंतीपलीकडच्या काकीची तांबडी कोंबडी होती. काकीचं माहेर ताडकळसचं, आणि ही कोंबडी तिनं माहेरच्या बाजारातून आणलेली. त्यामुळं तिचं कौतुक नातवाइतकं. काकी स्वभावानं वाईट नव्हती, पण तिचा माणसांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास जास्त. इतर बाया पिल्लं मोठी झाली की वाटणी करायच्या. काकीनं अंडी फुटली त्याच दिवशी येऊन आपल्या वाट्याची पिल्लं निवडली आणि एकेकाच्या पायाला काळा दोरा बांधला.

"वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली. आत्या गावची लेक, म्हणून गावच्या सगळ्या सुना तिला वन्सं म्हणायच्या. "पण मागनं कुणाचं मेलं अन् कुणाचं जगलं, ही भानगड नको."

"बांधा की वैनी," आत्या म्हणाली. "गळ्याला न्हाई बांधला हे उपकारच."

मग काकीची नजर शेताकडं गेली. आमचं शेत गावाला लागूनच. विहिरीवरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला घरटं दिसत होतं, आणि शिक्र्याची, कबुतराएवढ्या त्या शिकारी पाखराची, मादी त्यात बसलेली. काकीनं तिथल्या तिथं निकाल दिला. ते घरटं आकडीनं ओढून खाली पाडायचं, आजच.

इथं मी मधे पडलो. हैदराबादच्या ग्रंथालयात मी पक्ष्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. मी दोघींना समजावून सांगितलं की शिक्र्याचं मुख्य खाणं म्हणजे सरडे, पाली, उंदीर, टोळ. कोंबडीच्या पिल्लांवर जाते ती घार. शिक्रा शेतकऱ्याचा मित्र आहे, वगैरे.

"असं पुस्तकात हाय?" काकीनं विचारलं.

"हो."

"इंग्रजी?"

"इंग्रजी."

"मग त्या इंग्रजांच्या कोंबड्या मोठ्या असतील," काकी म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कॅमेऱ्यासाठी तिथं आलोय आणि घरटं गेलं की शिक्रा जाणार, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "वैनी, आमचा बी.ए. सांगायलाय म्हंजे खरंच असंल. घरटं राहू द्या. त्या पाखरानं तुमचं दोऱ्याचं एक जरी पिल्लू नेलं, तर कोंबडी अन् झाडून सगळी पिल्लं तुमी घेऊन जावा. माजा वाटाबी घेऊन जावा."

"अन् घरटं मी स्वतः उतरवीन," मी म्हणालो.

काकी गेली. मी आत्याला म्हणालो, एवढं कशाला बोललीस. ती म्हणाली, "तू बोललास म्हणून मी बोलले. आता तुजं पुस्तक खरं असू दे म्हंजे झालं."

खरं सांगतो, तेव्हा मला ते ओझं वाटलं नाही, अभिमानच वाटला. हे कोंबडीपुरतं प्रकरण नव्हतं, हे मला हळूहळू कळत गेलं. काकी कोंबडी घेऊन गेली असती तर आठवड्याभरात बाकीच्या बायांनी आपापल्या नेल्या असत्या. आत्या मग भावाच्या घरातली एक विधवा बहीण एवढीच उरली असती.

घरट्याचा फोटो मला काढायचाच नव्हता. आतल्या पिल्लांवर ऊन यावं म्हणून डहाळ्या तोडाव्या लागल्या असत्या, आणि वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली पिल्लं दुपारपर्यंत टिकली नसती. शिक्र्याचा नर शिकार घेऊन थेट घरट्यावर जात नाही. तो ठरलेल्या एका जागी बसतो, शिकार सोलतो आणि बारीक आवाजात हाक देतो. मादी येते, घेते आणि पिल्लांना भरवते. आमच्या नराची ती जागा म्हणजे विहिरीवरचा मोटेचा जुना खांब. पाणी आटल्यामुळं मोट उतरवून ठेवली होती. खांब पुरुषभर उंच, पूर्वेला मोकळा. याहून चांगली बैठक उस्तादांनी स्टुडिओतही दिली नसती.

अडचण कॅमेऱ्याची होती. दूरचं जवळ आणणारं भिंग माझ्याकडं नव्हतं, आणि ते कुणाकडं असतं हेही मला माहीत नव्हतं. पाखरू मोठं यायचं तर कॅमेरा त्याच्यापासून चार हातांवर पाहिजे. म्हणून मी तीन बांबूंची तिवई केली आणि तिच्यावर आधी नुसता एक पत्र्याचा डबा पोत्यात गुंडाळून ठेवला. नर पहिल्या दिवशी बिचकला, खांबाला घिरट्या घालून निघून गेला. मग सवयीचा झाला. मग डब्याच्या जागी कॅमेरा आला. खटक्याला दोरी बांधली आणि ती जमिनीवरून मागं कडब्याच्या कोपीत नेली. कोप म्हणजे पेंढ्या उभ्या करून केलेलं खोपटं. त्यात मी मांडी घालून बसायचो, एका फटीला डोळा लावून.

एक फोटो झाला की बाहेर येऊन रीळ फिरवल्याशिवाय दुसरा निघत नसे, आणि बाहेर आलो की पाखरू उडे. त्यामुळं एका सकाळी एकच फोटो. रिळावर आठच जागा. आणि सकाळ म्हणजेही सगळी सकाळ नाही. दिवस उगवता उगवता ऊन तांबूस आणि अशक्त असतं, त्या फिल्मला पुरत नाही. तो कासराभर वर आला की ऊन तिरकं आणि स्वच्छ पडतं, छातीवरच्या बारीक पट्ट्या मोजता येतात, डोळ्यात दाणा उतरतो. आणखी थोडा वर गेला की भुवईची सावली डोळ्यावर पडते, पोटाचा पांढरा रंग नुसता भाजल्यासारखा होतो, आणि मग संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. संध्याकाळी खांबावर लिंबाची सावली यायची. म्हणजे दिवसातलं माझं ऊन तेवढंच, एक बिडी ओढून होईतोवरचं.

वडील औत दुरुस्त करता करता बघत असत. "सगळं गाव उन्हाला भिऊन सावलीत बसायलंय," ते शेजाऱ्याला म्हणाले, "अन् आमचं बी.ए. उनाची वाट बघत बसायलंय."

आत्या मला मदत करायला फार उत्सुक होती, आणि तिच्या मदतीनं दोन दिवस गेले. मी बी.ए. झालो तेव्हा तिला उस्तादांच्या स्टुडिओत नेऊन माझ्याबरोबर बसवलं होतं. मागं तळं आणि कमळं रंगवलेला पडदा होता. त्यामुळं फोटोला काय लागतं हे तिला माहीत होतं. एका सकाळी मी कोपीकडं जातो तर खांब घासून धुतलेला, पाखराच्या विष्ठेचा एक ठिपका शिल्लक नाही, आणि मागच्या बाभळीवर तिचं ठेवणीतलं निळं लुगडं ताणून बांधलेलं, वाऱ्यावर फडफडणारं. नर लांबच्या झाडावरून ते सगळं बघत होता. दिवसभर खाली आला नाही.

"आत्या, हे काय केलंस?"

"पडदा लागत न्हाई व्हय?"

"पाखराला कशाला पडदा?"

"माजा फोटू काढताना लागला, अन् त्याला न्हाई? अन् त्यो खांब कसा घाण झालता. कुणी बघितलं तर म्हणतील, ह्यांच्या हिरीवर हीच तऱ्हा."

मी लुगडं उतरवलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी नर खांबावर आला, तेव्हा ती माझ्या आधी बोलली, "आला का? मग बस की जाऊन, इथं भाकरी काय बघायलास."

फोटो होत गेले. नर शिकार घेऊन यायचा, मी दोरी ओढायचो, खट्ट व्हायचं. बहुतेक वेळा पायात सरडा असायचा. मी रोज न्याहारीला येऊन आत्याला मोठ्यानं सांगायचो, "सरडा," म्हणजे भिंतीपलीकडं ऐकू जावं. भिंतीपलीकडून काकी म्हणायची, "आजून सुट्टी संपली न्हाई मास्तर."

शेवटच्या फोटोच्या दिवशी मला वाटलं, हाच. नर आला तो खांबावर तिरका बसला, पलीकडचा पाय शिकारीवर दाबून. तिवईआड मला त्याचा पाय दिसतच नव्हता, आणि मी पायाकडं बघतही नव्हतो. त्यानं मान वळवली. लालभडक डोळा उन्हात आला आणि त्यात बाजरीएवढा उजेड चमकला. मी श्वास धरून दोरी ओढली. रीळ संपलं. मी कोपीतून बाहेर आलो तेव्हा माझे पाय बधिर झाले होते आणि मी एकटाच हसत होतो.

घरी आलो तर आत्या अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं उचलून पिल्लं मोजत होती. पुन्हा मोजली. मग डालगं तसंच हातात धरून उभी राहिली.

"दोऱ्याचं एक न्हाई," ती म्हणाली.

आम्ही उकिरडा पाहिला, गोठा पाहिला, कडब्याच्या गंजीखाली हात घालून पाहिलं. काकीला कळायला वेळ लागला नाही, आणि ती शिक्र्याचंच नाव घेत आली. पण आत्याही ऐकणाऱ्यातली नव्हती. काकीची एक पांढरी मांजरी होती, आमच्या अंगणात येणारी आणि दुधावरची साय खाऊन जाणारी. साऱ्या गल्लीचा तिच्यावर राग.

"वैनी, तुमची मांजरी सकाळी माज्या चुलीपाशी व्हती," आत्या म्हणाली.

"माजी मांजरी पिल्लाला हात लावत न्हाई."

"साईला लावती, मग पिल्लाला का न्हाई?"

"साय आन् पिल्लू एक हाय का? तुमचा त्यो शिक्रा तिथं खांबावर बसून जेवायलाय, ते दिसत न्हाई, अन् माजं मुकं जनावर दिसतंय."

गल्लीतल्या बाया गोळा झाल्या आणि झाडून सगळ्यांनी मांजरीविरुद्ध साक्ष दिली. कुणाचं दही, कुणाचा बोंबील, एकीच्या तर सुनेच्या बाळंतपणातलं तूप. काकी एकटी पडली. तिचे डोळे भरून आले, आणि ते पिल्लासाठी नव्हते, हे सगळ्यांना दिसलं. शेवटी ती माझ्याकडं वळली. "तू सगळ्याचे फोटू काढलेत न्हवं? मग दाव फोटू. मांजरीनं नेलं आसंल तर मी गप बसते. पाखरानं नेलं आसंल तर वन्संनी शब्द दिलाय."

मी म्हणालो, दावतो. पुस्तकावर माझा भरवसा होता, आणि मांजरीवर सगळ्या गल्लीचा होता.

परभणीला उस्तादांच्या अंधाऱ्या खोलीत मी त्यांच्या शेजारी उभा होतो. लाल दिवा, औषधाचा आंबट वास. कागद ताटात हलवता हलवता त्यावर हळूहळू करडं काहीतरी उमटायला लागतं, तो क्षण मी कितीही वेळा पाहिला तरी मला जुना वाटला नाही. सात फोटो बेताचेच होते, काही हललेले, काहींत डोळा विझलेला. आठवा कागद त्यांनी पाण्यात टाकला आणि वाकले.

"आँख आ गई मियाँ," ते म्हणाले. "एकदम साफ. दाना देखो." मग चिमट्यानं कागद उचलून दिव्याजवळ नेला. "पन ये पंजे में क्या पकड्या?"

कॅमेरा माझ्यापेक्षा पलीकडं, खांबाच्या बाजूला होता. मला जे कोपीतून दिसलं नाही ते त्याला दिसलं होतं. नखांच्या खाली कोंबडीचं पिल्लू होतं. एक पाय खाली लोंबत होता, आणि त्या पायाला दोरा. गाठ, आणि गाठीच्या पुढं उरलेलं टोकसुद्धा उन्हात स्वच्छ आलं होतं.

उस्तादांनी तो कागद वाळवून जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. असा फोटो या जिल्ह्यात कुणी काढला नसेल, असं ते म्हणाले. मला ते पटत होतं. एवढा चांगला फोटो मी पूर्वी काढला नव्हता, आणि तो घेऊन मला घरी जायचं होतं.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. फोटो बघायची तिला सवय नव्हती. तिनं तो लांब धरला, जवळ आणला, बोटानं पाखराच्या पाठीवरून खाली उतरत आली आणि पायाशी थांबली.

"दोरा हाय," ती म्हणाली.

"हाय."

"म्हंजे मांजरी न्हवं."

"न्हाई."

"पुस्तक काय म्हणतंय?"

"पुस्तक म्हणतंय बहुतेक सरडे खातो," मी म्हणालो. "बहुतेक म्हंजे सगळे न्हाई. मी ते बहुतेक सोडून दिलं."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. फोटो पदरानं पुसला, जरी त्यावर काही नव्हतं. मी म्हणालो, मानवतच्या बाजारातून मी दुसरी तांबडी कोंबडी आणतो, काकीला देऊ. ती म्हणाली, "कोंबडीचं काय एवढं न्हाई रे बाबा. मी बोलले व्हते, अन् साऱ्या गल्लीला ठावं हाय." मग उठली, डालगं उचललं, तांबडी काखेत धरली आणि पिल्लं टोपलीत घातली. आपल्या वाट्याचीसुद्धा. टोपली माझ्याकडं दिली. "चल. फोटू घे."

काकीच्या अंगणात कुरडयांचं काम चाललं होतं. गल्लीतल्या बाया साऱ्या तिथंच होत्या, हात चिकानं भरलेले, बाजेवर पांढऱ्या कुरडया वाळत घातलेल्या. पांढरी मांजरी बाजेखाली सावलीत झोपली होती. आत्या सरळ मधोमध गेली आणि तांबडी काकीच्या पायाशी सोडली.

"वैनी, पाखरानंच नेलं. तुमची मांजरी न्हाई. ही तुमची कोंबडी, ही पिल्लं. बोलल्यापरमाणं."

काकीनं हात पदराला पुसले. "फोटू कुटाय?"

मी दिला. ती तो घेऊन उन्हात गेली आणि बराच वेळ बघत राहिली. बाया मागून वाकून बघायला लागल्या.

"आगं बाई," एक म्हणाली, "कसा बघायलाय."

"जनू म्याच त्याचं खाल्लं," काकी म्हणाली. तिनं नख पिल्लाच्या पायाशी टेकवलं. "माजीच गाठ हाय. दोन येढ्यांची. मी अशीच मारते." मग मान वर केली आणि साऱ्यांकडं एकेक करून बघितलं. "आता बोला. कुणाचं दही, कुणाचं तूप? बोला की. माज्या मुक्या जनावरावर आळ घेतलात न्हवं?"

तूपवाली बाई कुरडयांकडं बघायला लागली. "दह्याचं अजून ठरलं न्हाई," एवढंच एकीनं हळूच म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. काकीसुद्धा.

मला माझा शब्द आठवत होता. मी म्हणालो, "काकी, मी घरटं उतरवतो. बांबू घेऊन आत्ताच चढतो."

"कशावर, त्या लिंबावर?" काकी म्हणाली. "शेंड्यावर हाय घरटं. तू मास्तर माणूस, धोतर सावरत चढशील अन् पडशील. गावात दुसरा बी.ए. हाय का?" मग आत्याकडं वळली. "अन् वन्सं, तुमी ही कोंबडी कशाला आणली?"

"शब्द दिलता."

"दिलता, अन् पाळला. झालं की. आता मी ती कुणाकडं बसवू? माज्याकडं बसवली तर ही," तिनं मांजरीकडं हात केला, "हिच्या राखणीला कोण बसंल?"

आत्यानं तांबडी पुन्हा काखेत घेतली. मग म्हणाली, "पिल्लू एक कमी झालंय तुमचं. माज्या वाट्यातलं एक तुमी घ्या."

"त्याचं असं करा," काकी म्हणाली. फोटो तिनं अजून सोडला नव्हता. "पाखरू ह्याचं असंल, पर फोटूत पिल्लू माजं हाय. म्हंजे फोटू अर्धलीचा झाला. का न्हाई? तर ह्यो मला राहू द्या, पिल्लू तुमाला राहू द्या. म्हंजे पुन्हा कुणी माज्या मांजरीचं नाव काढलं तर दावायला बरा."

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. पुठ्ठ्यावरचा तो एकच कागद होता. मी राहू द्या म्हणालो. बी.ए.ला असले हिशोब शिकवत नाहीत.

तो फोटो काकीच्या घरात दिवाणखान्याची म्हणण्यासारखी जी एक भिंत होती, तिच्यावर पुढं कित्येक वर्षं होता, देवांच्या तसबिरींच्या जरा खाली. काच असलेली चौकट तिनं परभणीहून करून आणली. पाव्हणे यायचे, शिक्रा बघून थक्क व्हायचे, आणि काकी त्यांना पिल्लू दाखवायची.

त्या संध्याकाळी आत्यानं तांबडीला पुन्हा डालग्याखाली घातलं, वर दगड ठेवला, आणि आम्ही ओट्यावर बसलो. लिंबावरून शिक्र्याच्या पिल्लांचा गलका येत होता. ती घरट्यातून निघून फांद्यांवर येऊन बसली होती. दोन-चार दिवसांत उडणार होती, तरी मादी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन आली. काय आणलं ते आम्हाला एवढ्या लांबून दिसलं नाही, आणि आत्यानं विचारलंही नाही. मग आत्या एकदा डालग्याखालची पिल्लं मोजून आली.

"पुढच्या खेपेला सरड्याचाच काढ," ती म्हणाली.

"सरड्याचे लई हायेत आत्या. पण डोळा असा एकातबी आला न्हाई."

तिनं विचार केला. "मग ह्योच चांगला," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.